एजंट कसा निवडायचा? घर घेणाऱ्यांसाठी आणि विकणाऱ्यांसाठीही

हेडफोन लावून पीएमपीच्या खिडकीत बसला असाल किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. आज बोलायचंय इस्टेट एजंटबद्दल. घर घेताना किंवा विकताना चांगला एजंट कसा ओळखायचा, त्याला काय विचारायचं, त्याच्याशी पैशांचं कसं ठरवायचं.

आधीच सांगतो, मी या धंद्यातला नाही. बीटेक केलं, दिवसभर कोड लिहितो. पण गेले आठ महिने आमच्या घरात दोन व्यवहार एकदम चालू होते. आई-बाबांचा धनकवडीतला वन बीएचके विकायचा होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि बाबांच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नाही. ते पैसे आणि माझं होम लोन मिळून लिफ्टवाला टू बीएचके घ्यायचा होता. त्यामुळे एकाच वेळी आम्ही विकणारेही होतो आणि घेणारेही. या काळात एकूण नऊ एजंट भेटले. त्यात काही फारच चांगले होते, काही नुसतेच गोड बोलणारे. त्यांच्यातला फरक कुठे कळतो, ते आज सांगतो.

आधी गणित समजून घ्या

पुण्यात रिसेलच्या घरावर एजंट साधारण एक ते दोन टक्के दलाली मागतो. बऱ्याचदा विकणाऱ्याकडून एक टक्का आणि घेणाऱ्याकडून एक टक्का. आता हिशोब करा. आमचं घर ४६ लाखांना गेलं तर आमच्याकडून एजंटला ४६ हजार मिळणार. त्याने अजून महिनाभर राबून तेच घर ४७ लाखांना विकलं, तर आमचे एक लाख वाढतात. त्याचे किती वाढतात? एक हजार. त्या एक हजारासाठी तो महिनाभर थांबेल का? तुम्ही थांबाल का?

घेतानाही तेच. ७५ लाखांच्या घरात त्याने तुमच्यासाठी दोन लाख कमी करून आणले, तर त्याची स्वतःची दलाली दोन हजारांनी कमी होते.

याचा अर्थ एजंट लबाड असतो असा नाही. त्याला व्यवहार लवकर व्हायला हवा असतो आणि तुम्हाला चांगला व्हायला हवा असतो, इतकाच याचा अर्थ. म्हणून "हा माणूस माझ्या बाजूने भांडेल" या आशेवर एजंट निवडू नका. त्याच्याकडून तीन गोष्टी विकत घ्या: माहिती, ओळखी आणि कागदपत्रांची शिस्त. या तिन्ही गोष्टी पहिल्या दोन भेटींत तपासता येतात.

रेराचा नंबर: काय सांगतो, काय नाही

२०१६ साली रेरा कायदा आला. महाराष्ट्रात तो महारेरा बघतं. नव्या प्रकल्पात बिल्डरच्या वतीने घर विकणाऱ्या प्रत्येक एजंटला महारेराकडे नोंदणी करावीच लागते. त्याच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात इंग्रजी 'ए' अक्षराने होते, प्रकल्पाच्या क्रमांकाची 'पी'ने. महारेराच्या साइटवर हा नंबर टाका. नाव जुळतंय का, मुदत संपलेली नाही ना, बघा. दोन मिनिटांचं काम आहे. २०२३ पासून महारेराने एजंटसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली आहे. तेव्हा "सर्टिफिकेट दाखवता का?" असं विचारायला लाजू नका. खऱ्या एजंटला याचा राग येत नाही. आमच्या ताईंनी तर न विचारताच फोनमधून काढून दाखवलं.

नोंदणी न करता काम करणाऱ्या एजंटला दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. नोंदणी न झालेल्या प्रकल्पातलं घर विकून देणंही एजंटला मना आहे. त्यामुळे "प्रकल्पाचा रेरा नंबर येतोय, तोवर बुकिंग करून ठेवा, भाव वाढतील" असं कोणी म्हणालं, तर तिथूनच नमस्कार करा.

आता यातली गोम ऐका. कायद्यातली एजंटची ही सक्ती बिल्डर विकत असलेल्या, रेरात नोंदलेल्या प्रकल्पांपुरती आहे. वीस वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट एक मालक दुसऱ्याला विकतो, तेव्हा ती लागू होत नाही. म्हणजे रिसेलमध्ये एजंटकडे नंबर असेलच असं नाही, आणि भांडण झालं तर महारेराच्या भरवशावर राहता येत नाही. मग रिसेलमध्ये माणूस पारखायचा कसा? प्रश्न विचारून.

पाच प्रश्न

पहिला प्रश्न: "या सोसायटीत, या गल्लीत गेल्या वर्षभरात काय विकलं गेलं आणि कितीला?"

धनकवडीच्या घराला आम्ही तीन एजंटांकडून किंमत विचारली. एकाने ५२ लाख सांगितले, दुसऱ्याने ४८, तिसऱ्या ताईंनी ४५ ते ४७. बावन्न ऐकून आईचा चेहरा असा खुलला की विचारू नका. मी तिघांनाही एकच विचारलं: हा आकडा कशावरून? पहिला म्हणाला, "मार्केट तेज आहे साहेब." दुसरा म्हणाला, पोर्टलवर बघा. ताईंनी आमच्याच भागातल्या तीन व्यवहारांचे इंडेक्स टू पुढे ठेवले.

इंडेक्स टू म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा. त्यात मोबदला किती, क्षेत्रफळ किती, तारीख कोणती हे सगळं असतं. राज्याच्या नोंदणी आणि मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि मिळकतीचा नंबर टाकून तुम्हीही शोधू शकता. साइट कधीकधी रुसते, पण रात्री उशिरा चालते, हा माझा अनुभव. पोर्टलवर दिसते ती मालकाची इच्छा. इंडेक्स टूमध्ये दिसतो तो नोंदवलेला व्यवहार. जास्त किंमत सांगून काम मिळवायचं आणि दोन महिन्यांनी "साहेब, गिऱ्हाईक येत नाही, कमी करा" म्हणायचं, ही जुनी रीत आहे. तोवर घर सगळ्यांनी बघून झालेलं असतं आणि "एवढे दिवस विकलं का जात नाही?" हा संशय त्याला चिकटतो.

दुसरा प्रश्न: "या घरात वाईट काय आहे?"

हा प्रश्न घेणाऱ्याने विचारायचा. "काहीच नाही, एकदम ए-वन प्रॉपर्टी" असं उत्तर देणारा एजंट एकतर घर नीट बघत नाही किंवा तुम्हाला सांगत नाही. आम्हाला टू बीएचके दाखवणाऱ्या एका एजंटने स्वतःहून सांगितलं, "घर चांगलं आहे, पण एप्रिल-मेमध्ये टँकर लागतात. सोसायटीकडून मागच्या उन्हाळ्याची टँकरची बिलं मागा, मग ठरवा." तो फ्लॅट आम्ही घेतला नाही. पण त्या दिवसापासून बाकीची घरं बघायला त्याच्याचबरोबर गेलो.

तिसरा प्रश्न: "नोंदणीला एकूण खर्च किती येईल?"

ही सरळ परीक्षा आहे. पुणे महापालिकेच्या हद्दीत पुरुष खरेदीदाराला मुद्रांक शुल्क, मेट्रोचा अधिभार धरून, सात टक्के. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त तीस हजार. ७५ लाखांवर म्हणजे सव्वापाच लाख किंवा साडेचार लाख, अधिक तीस हजार. सोसायटीचं हस्तांतर शुल्क, ज्याला प्रीमियम म्हणतात, ते शहरात जास्तीत जास्त पंचवीस हजार. आणि घर ५० लाखांचं किंवा त्याहून महाग असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायची जबाबदारी घेणाऱ्याची. विकणारा परदेशात राहणारा असेल तर टीडीएसचा नियम आणखी वेगळा आणि कडक आहे, तिथे सीए लागतोच. हे ज्याला तोंडपाठ नाही तो रोज हे काम करत नाही. आणि "टीडीएसचं नंतर बघू" म्हणणाऱ्याला सांगा, नोटीस तुमच्या नावावर येत नाही, माझ्या नावावर येते.

चौथा प्रश्न: "मागच्या दोन व्यवहारांतल्या माणसांचे नंबर देता का?"

मी रेस्टॉरंटमध्ये जायच्या आधी रिव्ह्यू वाचतो. मग जन्माची कमाई घालताना दोन फोन करायला काय हरकत आहे? फोन केल्यावर "चांगले होते का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, "टोकन दिल्यानंतर ते फोन उचलत होते का? नोंदणीच्या दिवशी स्वतः आले का? शेवटी पैसे वाढवून मागितले का?"

पाचवा प्रश्न: "समोरच्या पार्टीकडूनही दलाली घेताय का?"

आपल्याकडे एकच एजंट दोन्हीकडून घेतो, हे सर्रास चालतं. लपवलं नाही तर त्यात गैर काही नाही. पण मग तुम्ही सांगितलेलं सगळं समोरच्यापर्यंत जाऊ शकतं, हे धरूनच बोलायचं. लोन मंजूर आहे हे सांगा, कितीचं ते सांगू नका. आम्ही बाबांच्या गुडघ्यांचा विषय एकाही एजंटसमोर काढला नाही. "घाई नाही, योग्य भाव आला की देऊ" एवढंच. घाई कळली की भाव पडतो.

कागद आधी मागणारा एजंट

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर ज्या ताई म्हणालो, त्या पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा खोल्या बघायच्या आधी म्हणाल्या, "आधी शेअर सर्टिफिकेट आणि खरेदीखत दाखवा, घर कुठे पळत नाही." बाबांनी पत्र्याच्या पेटीतून फाइल काढली. खरेदीखतावर दोन नावं होती: बाबा आणि माझे काका. तेव्हा एकट्याला परवडत नव्हतं म्हणून दोघा भावांनी मिळून घेतलेलं घर. पुढे काकांनी आपला वाटा सोडला, बाबांनी त्यांना पैसे दिले, पण ते सगळं भावा-भावांतलं, तोंडी. काका सहा वर्षांपूर्वी गेले.

ताईंनी शांतपणे सांगितलं: कागदावर काकांचा हिस्सा अजून आहे आणि तो आता त्यांच्या वारसांचा आहे. काकू आणि दोन्ही मुलांच्या सहीशिवाय हे घर विकता येणार नाही. बाबा म्हणाले, सोसायटीत नॉमिनी म्हणून माझंच नाव आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "काका, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे." आणि पुढचं वाक्य मला फार आवडलं: "याच्या पुढचं माझं काम नाही. वकील गाठा, आणि तोपर्यंत कोणाकडूनही एक रुपया टोकन घेऊ नका."

तुम्हीच सांगा, असा विषय घेऊन वहिनीच्या दारात जाणं बाबांना सोपं गेलं असेल का? दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं त्यांचं. पण व्यवहार ठरायच्या आधी गेल्यामुळे ते आपलेपणाने बोलता आलं. काकूंना सगळं आठवत होतं. "तुमच्या दादांनी मला तेव्हाच सांगितलं होतं," म्हणाल्या. एक चुलतभाऊ दुबईत आहे, त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मुखत्यारपत्र पाठवलं. वकिलांनी हक्कसोडपत्र केलं, नोंदवलं. सहा आठवडे लागले.

आता विचार करा, ५२ लाख सांगणाऱ्या एजंटने कागद मागितलेच नव्हते. त्याच्या मार्फत गिऱ्हाईक आलं असतं, टोकन घेतलं असतं, आणि मग समोरच्याच्या बँकेच्या वकिलाने हे शोधून काढलं असतं. नव्या घराला आम्ही शब्द दिलेला, इकडे व्यवहार अडकलेला, आणि काकूंकडे घाईघाईत सही मागायला जायचं. घराच्या किमतीपेक्षा मोठं काहीतरी त्यात गेलं असतं.

म्हणून माझा पहिला निकष हाच: जो एजंट किमतीच्या आधी कागद मागतो आणि स्वतःचं काम कुठे संपतं हे सांगतो, तो कामाचा. टायटल तपासायला मात्र वकील वेगळा, तुमचा स्वतःचा. एजंटने सुचवलेला नको.

नव्या प्रकल्पात जाताना

नवं घर बिल्डरकडून घेताना एजंट, म्हणजे चॅनल पार्टनर, तुमच्याकडून सहसा काही घेत नाही. त्याला बिल्डर देतो. मग तो तुम्हाला कुठे नेईल? जिथे त्याला जास्त मिळतं तिथे, हे गृहीत धरा. अजून एक: साइटवर गेलात की रिसेप्शनवर मोबाइल नंबर विचारतात. तो नंबर ज्याच्या नावाने नोंदला जातो, त्याचं गिऱ्हाईक तुम्ही ठरता. नंतर थेट बोलणी करायची म्हटलं तर अवघड जातं. त्यामुळे कोणाबरोबर जायचं, की एकट्याने जायचं, हे गेटच्या बाहेर ठरवा.

आणि एक नियम पाठ करून ठेवा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. एजंट जास्त भरायचा आग्रह करत असेल तर त्याला हा नियम माहीत नसेल असं नाही.

पैशांचं सगळं कागदावर

चांगला माणूस सापडला तरी एका पानावर लिहून घ्या. दलाली किती टक्के आणि कशावर? दस्तातल्या किमतीवर. जीएसटी धरून की वेगळा? तो १८ टक्के असतो, आणि मागणाऱ्याकडे जीएसटी नंबर असायला हवा. द्यायची कधी? आम्ही ठरवलं होतं, नोंदणीच्या दिवशी अर्धी आणि ताबा झाल्यावर अर्धी. व्यवहार मोडला तर काय? एकट्यालाच काम द्यायचं असेल तर किती दिवस? साठ दिवस पुरतात. पैसे ऑनलाइन किंवा चेकने, पावती घेऊन.

टोकन द्यायचं ते घरमालकाच्या खात्यात, एजंटच्या नाही. विसार पावतीत लिहून घ्या की लोन नामंजूर झालं किंवा टायटलमध्ये दोष निघाला तर अमुक दिवसांत पैसे परत. रोखीचं म्हणाल तर घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. "थोडे कॅशमध्ये करू, दोघांचा फायदा" म्हणणारा एजंट तो दंड भरायला येणार नाही. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून ती कशासाठी दिली ते लिहा.

दुसरी बाजूही

शेवटी थोडं आपल्या वागण्याबद्दल. एजंट रविवारी दुपारी उन्हात स्वतःचं पेट्रोल जाळून तुम्हाला सात घरं दाखवतो आणि व्यवहार झाला नाही तर त्याला काहीच मिळत नाही. घर त्याने दाखवायचं आणि आपण मागच्या दाराने मालकाला गाठून दलाली वाचवायची, हे बरोबर नाही. घ्यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा, तो सुटतो. आणि शेजारचाच माणूस तुमचं घर घेतोय, किंमत ठरलीय, असं असेल तर एजंटची गरजच नाही. वकील आणि नोंदणीचं काम करणारा माणूस ठरलेल्या फीमध्ये पुरतो.

तर मंडळी, उजळणी करतो. नव्या प्रकल्पात रेराचा नंबर तपासा. रिसेलमध्ये पाच प्रश्न विचारा. किंमत इंडेक्स टूवर पडताळा. कागद आधी, टोकन नंतर. आणि ठरलेलं सगळं एका पानावर.

तुमच्या घरी असा व्यवहार चालू असेल तर आज रात्री एक काम करा: आई-बाबांना विचारून खरेदीखत काढा आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते वाचा. एजंटला फोन उद्या केला तरी चालेल. पुढच्या भागात होम लोनच्या व्याजदरावर बोलू, फिक्स्ड की फ्लोटिंग. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूच!